तळहाताएवढे लाईट

३ फेब्रुवारी, नायगाव

आज पुन्हा सालेहा फोनवर हळू आवाजात! मी दुकानात शिरले तशी "नंतर करते" म्हणून तिनं फोन ठेवला. पण एक वाक्य माझ्या कानावर पडलंच — "एकटीला उचलता आले पाहिजेत."

काय उचलायचं? आणि एकटीला का? लग्नात बायकांच्या बाजूचं शूटिंग आम्ही दोघी करतो. कॅमेरा तिचा, फोकसचा दिवा माझा. हजार वॅटचा तो धोंडा धरून धरून माझा खांदा गेला. मग आता मी कुठे?

५ फेब्रुवारी

"फोकस बंद करू. बॅटरीवरचे छोटे एलईडी घेऊ," सालेहा म्हणाली. साठ वॅटचे! मी विचारलं, उजेड पडेल का?

"वॅट म्हंजे करंट किती खातो ते. उजेड न्हाई, येडे!"

येडी मीच! तिचं म्हणणं चूक नाही. मागच्या महिन्यात बिलोलीला आमच्या फोकसनं ऐन निकाहात फ्यूज उडवून घरभर अंधार केला होता. पण फोकस धरायला माणूस लागतो, या लाईटला नुसता स्टँड पुरतो. हे मला कळत नाही असं तिला वाटतं का?

८ फेब्रुवारी

लाईट घ्यायला लातूरला जायचं म्हणे. नांदेड एवढं जवळ असताना! "तिथं लावून बघू देतात." असेल. मला नाही पटलं.

१० फेब्रुवारी

लातूरच्या दुकानात सालेहानं पर्समधून हळदीची पुडी काढली आणि माझ्याच हाताला फासली! पहिल्या लाईटखाली हळद हिरवट. दुसऱ्याखाली हात आजारी माणसाचा वाटला. तिसऱ्याखाली खरी हळद दिसली, पिवळीधमक. मीही हरखले, खोटं कशाला बोलू.

पण मग तेच सुरू. "असे दोन एका पिशवीत बसतात का? स्टँड एका हातानं उघडतो का?" वर प्रत्येक बटण मलाच दाबायला लावलं. राग राग झाला. तसले दोन घेऊन परतताना एसटीत मी मुद्दाम वेगळ्या सीटवर बसले.

१४ फेब्रुवारी

रेणापूरला हळदीचं शूटिंग. नवरीची आत्या, धोंडाबाई, लाईट बघून म्हणाली, "येवढासा? टॉर्च हाय का काय? मोठा फोकस आणा की!" इतकं बरं वाटलं मला!

चित्र मात्र सुंदर आलं. कुणाला घाम नाही, कुणाचा मेकअप ओघळला नाही. आणि कॅमेरा? तो सालेहानं माझ्या हातात दिला. "आज तू घे, माझा हात दुखून राहिला." हात दुखतो म्हणे — सगळं सामान तीच उचलत होती! माझ्या चुका मोजायच्या आणि मग काढून टाकायचं, दुसरं काय.

१५ फेब्रुवारी

तिनं हाकलायची वाट कशाला बघू? नांदेडच्या तारामतीबाईंना स्टुडिओत बाई हवीच होती. फोन करून हो सांगून टाकलं. सोमवारपासून. त्यांनी लगेच दुसऱ्या मुलीला नको म्हणून कळवलंही. सुटले एकदाची!

१६ फेब्रुवारी

सालेहा घरी आली. कॅमेरा आणि लाईटची पिशवी माझ्या मांडीवर ठेवली. तिच्या नवऱ्याला हैदराबादला नोकरी लागली, पुढच्या जुम्म्याला ती चालली. कायमची.

"आधी सांगितलं असतं तर तू रडत बसली असतीस, कॅमेऱ्याला हात लावला नसता. आता दुकान तुझं. कुणाच्या तोंडाकडं बघायची गरज न्हाई तुला."

रडत रडत हसत होती. तारामतीबाईंचं मी अजून तिला सांगितलेलं नाही.