जास्तीचं ताट

मार्सेय, नाताळचा दिवस

प्रिय आई,

तुझे गुडघे कसे आहेत ते आधी कळव. माझा खोकला जवळजवळ गेलाय. बेकरीत सुट्टी मिळाली नाही, म्हणून यायचं राहिलं.

काल संध्याकाळी तुझ्यासारखंच, दारी येईल त्या गरिबासाठी एक ताट जास्तीचं मांडलं. माझं धरून दोनच ताटं झाली. तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे म्हातारे फोर्तुने आले.

“मी गरीब नाही हं, पेन्शन आहे मला. नुसता एकटा आहे.”

“बसा, चालवून घेऊ,” मी म्हटलं.

अंजीर, बदाम सगळं फस्त केलं, वर माझ्या सुपाला नावं ठेवली. बरं वाटलं.

तुझ्याकडे त्या ताटावर कोण बसलं? कोणीच नसेल, तर ते आवरू नकोस. रविवारी मी येतेय.

तुझी,
मागाली