तिसरा शंख राहिला

अक्का, थोरली आहेस म्हणून आधी पाया पडते, मग बोलते. तुझा गुडघा कसा आहे? भावोजींनी गोड खाणं सोडलं का? (सोडलं नसणारच.) तिकडे आपिआ शहरात पाऊस असेल तर मोरीवरचा पत्रा नीट करून घे, मागे आले होते तेव्हा माझ्या डोक्यावर गळत होता आणि तू म्हणालीस देवाचा आशीर्वाद आहे. इकडे सवाई बेटावर आम्ही सगळे जिवंत आहोत. डुकरीण व्यायली. आता कामाचं.

माझी रेकॉर्ड निघतेय. एकटीची नाही, टास्मानियाचा आयव्हर आणि मी मिळून. आयव्हर म्हणजे तोच, आमच्या मागच्या खोलीत यंत्रं मांडून बसलेला, बांबूसारखा उंच, जेवताना डोळे मिटतो तो. त्याचं संगीत तुला कसं सांगू? चर्चच्या गाण्याला सुरुवात असते, चढ असतो, आमेन असतं. ह्याच्यात काही होतच नाही. एक सूर निघतो आणि चुलीच्या धुरासारखा पसरत बसतो, आणि आता गाणं सुरू होईल म्हणून तू नीट बसावंस तर ते संपलेलं असतं. वातावरणाचं संगीत म्हणतात त्याला. मी त्यात शब्दांवाचून गाते (शब्द विचारले तर म्हणतो, नकोत ताई, समुद्राकडं बघ आणि नुसता आ कर), पावसात केळीची पानं वाजतात, आणि शेवटी आपल्या बाबांचा शंख. येत्या शुक्रवारी दुपारी ती जगात निघायची आणि आपल्या बेटाच्या रेडिओवर अख्खी वाजायची. आता तू म्हणशील, मग रडतेस कशाला? रडत नाही. मला राग आलाय.

त्या शंखानंच घात केला. आयव्हरला तो संध्याकाळी नको होता, तेव्हा म्हणे कुत्री भुंकतात, पोरं ओरडतात. दुपारी फुंक म्हणाला. मी म्हटलं, बाबा रे, हा प्रार्थनेचा शंख आहे, दुपारी फुंकायचा नसतो. तो म्हणाला, हळूच फुंक. (शंख हळूच! पोराला हळूच जन्म दे म्हणण्यातला प्रकार.) मला घाई होती. शेजारच्या गावाशी किलिकितीची, आपल्या बेटावरच्या क्रिकेटची, मॅच चालली होती, पाहुण्यांच्या जेवणाला मळ्यातून अळूची पानं आणायची होती, घोडा बांधलेला होता. म्हटलं, एकदाचा फुंकते आणि सुटते. पहिला फुंकला. आयव्हर म्हणाला, वा, अजून एक. दुसरा फुंकला. झालं म्हणाला. मी शंख टोपलीत टाकला आणि मागच्या वाटेनं घोड्यावरून मळ्यात गेले.

आता तुला सांगायला नको, पहिल्याला माणसं घरात, दुसऱ्याला प्रार्थना, आणि तिसरा वाजेपर्यंत कुणी उंबऱ्याबाहेर पाय काढायचा नाही. त्या दिवशी आभाळ काळं झालेलं, कुणाला वेळेचा पत्ता नाही, आणि बाबांचा शंख बोलल्यावर वेळेला विचारतो कोण? अख्खं गाव आत गेलं. आपली टीम बॅटी टाकून गेली, चेंडू हवेत होता तो हवेतच राहिला. पाहुण्यांच्या गावात हा नियम नाही, ते धावतच राहिले (अजून धावत असतील, कुणी मोजलं?). रस्त्यावर पहाऱ्याला उभ्या असलेल्या आपल्या पोरांनी जिल्ह्याच्या पाद्रीबुवांची गाडी अडवली आणि त्यांना गाडीतच प्रार्थनेला बसवलं. त्यांना दुसरीकडे लग्नं लावायची होती, ती तशीच राहिली. आणि गाव बसून राहिलं. प्रार्थना संपली, दुसऱ्यांदा म्हणून झाली, पोरं रडून झोपली. उठवणार कोण? तिसरा फुंकायचा मान आपल्या घराचा, आणि शंख माझ्या टोपलीत, अळूच्या पानांखाली. मी परत आले तर आमचा नवरोबा सेफो भिंतीला टेकून डोळे मिटलेले, म्हणतो, "फुआतिनो, आज देवाशी फारच लांबलं गं."

तरी हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण गावचे थोरले प्रमुख तुईमासा तेव्हा झऱ्यावर अंघोळीला गेलेले. डोक्याला साबण. पहिला शंख ऐकून ते नियमाप्रमाणे जवळच्या घरात शिरले, आणि ते घर कुणाचं, तर फालानिकोचं. फणसाच्या झाडावरून ज्यांचं त्यांच्याशी बोलणं बंद आहे तेच. सगळी दुपार दोघं समोरासमोर, एक नुसत्या पंच्यावर, दुसरा तोंडभर हसत. फालानिकोच्या बायकोनं, सिएपीनं, त्यांना वरून विचारलं म्हणे, फणसाचं काही खाणार का.

दुसऱ्या दिवशी पंचायत बसली. आयव्हर पाया पडला, त्याला माफ केलं, परका आहे. मला तुईमासा एवढंच म्हणाले, "ज्या घराला गाव बसवता येतं आणि उठवता येत नाही, त्या घरात शंख नको." घेऊन गेले. बाबांच्या हातातला, अक्का. आता रोज संध्याकाळी सिएपी आंब्याला टांगलेली गॅसची रिकामी टाकी लोखंडानं बडवते. देवाला बोलावतेय की पळवून लावतेय कळत नाही. आणि येत्या रविवारी ती टाकी शंखाच्या जागी कायमची होणार, पाद्रीबुवा तिला आशीर्वाद देणार आहेत.

तब्येतीला जप. भावोजींना नमस्कार.

तुझी,
फुआतिनो

ता.क. आईची चटई गुरुवारच्या बोटीनं पाठव. शुक्रवारी पहाटे तुईमासांच्या दारात डोक्यावर घेऊन माफी मागायला बसायचंय. ती उचलून माफ करायची की मला उन्हात वाळवायचं ते त्यांच्या हातात. पण साधी चटई घेऊन गेले तर ते दार उघडायचे नाहीत, आईचीच लागेल.

दुसरा ता.क. उंदरांनी खाल्ली असं मला लिहू नकोस. तुझ्या गादीखाली आहे. तिच्या किनारीची लाल पिसं बाहेर आली होती, मी त्यावरच झोपले होते. तुझ्या मुलाच्या लग्नात द्यायला ठेवलीस तेही माहीत आहे. त्याला आधी मुलगी तर मिळू दे.

तिसरा ता.क. रेकॉर्डवर शंख दोनच आहेत. तिसरा घाल म्हणून मी आयव्हरच्या मागेच लागले, तो म्हणतो, दुसऱ्यानंतर तुझं गाव गप्प झालं तीच सगळ्यात सुंदर जागा आहे, ती मोडणार नाही. (खरं सांगू, ऐकलं तेव्हा माझ्याही अंगावर काटा आला. आपलं गाव इतकं गप्प मी कधी ऐकलं नव्हतं.) आणि शुक्रवारी दुपारी परतीची मॅच आहे. मैदानात भोंग्यावर रेडिओ लावून रेकॉर्ड ऐकवायची कल्पना तुईमासांचीच. बाबांच्या शंखाचा आवाज सगळ्या गावाला पाठ आहे. दोन शंख ऐकून आत बसलेलं गाव टाकी बडवून उठणार नाही. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. आधी चटई येऊ दे.