त्रेचाळिसावं ताट

२ जून, सोमवार

आले एकदाची विष्णुपुरीला! मुरुडहून निघताना आई रडली, मला मात्र हसूच येत होतं. मुलींच्या वसतिगृहात जेवणाची हजेरी ठेवायची, राहणं-जेवण इथंच. खोलीला खिडकी आहे, पंखा फिरतो, अजून काय पाहिजे? वॉर्डन तारामती मॅडम मोजकंच बोलतात. स्वयंपाकीण सुभद्राबाई मात्र बघताक्षणी म्हणाल्या, लई वाळलीस पोरी, पोटभर जेवत जा. चाळीस मुली, या दोघी आणि मी, मिळून त्रेचाळीस ताटं.

हजेरीची फाइल माझ्या आधी हे काम करणाऱ्या राजकन्या नावाच्या मुलीनं संगणकावर केलीय. सगळ्यात खाली ताटांचा एकूण आकडा यायला हवा. तिथं आकडा नाही, नुसता फॉर्म्युलाच दिसतो. उद्या दहा मिनिटांत दुरुस्त करते.

४ जून, बुधवार

दहा मिनिटं कसली! सेल 'टेक्स्ट' होता, 'जनरल' केला. एंटर मारलं. हिशेब आपोआप व्हायची सोय चालू आहे का, तेही बघितलं. फॉर्म्युला जसाच्या तसा. सुभद्राबाई म्हणाल्या, ऱ्हाऊ दे माय, राजकन्या गेल्यापासून ते असंच हाय, आमी मनानंच मोजून राहिलोत.

राजकन्या, राजकन्या! एप्रिलमध्ये ती भर दुपारी, जेवायच्या वेळी नाहीशी झाली. सामान खोलीतच. पोलिसांनाही पत्ता लागला नाही. तरी सुभद्राबाई रोज तिचं ताट वाढतात आणि तव्यावरची पहिली भाकरी त्यातच ठेवतात. मला तिच्या नावापुढं 'हजर' लिहायला लावतात. राबायचं मी, आणि पहिली भाकरी तिला! माझा जळफळाट होतो, लपवू कशाला?

६ जून, शुक्रवार

सापडलं! फॉर्म्युल्याच्या आधी एक बारीकसं अवतरणचिन्ह टाकलेलं होतं, म्हणून संगणक त्याला नुसती अक्षरं समजत होता. चुकून नाही, कुणीतरी मुद्दाम. खोडलं, एंटर मारलं. चव्वेचाळीस! मग राजकन्याची अख्खी ओळच उडवली. त्रेचाळीस. स्वयंपाकघरात ताट पडल्याचा आवाज झाला, पण तिथं कुणी नव्हतं.

मॅडम खूश. म्हणाल्या, आजपासून संगणक सांगेल तेवढीच ताटं. सुभद्राबाई डोळ्यांना पदर लावून बसल्या. मला बरं वाटलं. खरंच वाटलं.

७ जून, शनिवार

आकडा बेचाळीस. माझ्या नावापुढचं 'हजर' गेलंय. पुन्हा लिहिलं. पुन्हा गेलं.

दुपारी बेचाळीसच ताटं मांडली. मी दोनदा हाक मारली. सुभद्राबाई माझ्या अंगावरून वाढत पुढं गेल्या. रागावल्या असतील, दुसरं काय—

९ जून

कुणालाच ऐकू जात नाही. आईला फोन लावला. ती हॅलो, हॅलो म्हणत राहिली आणि— ठेवला तिनं. नंतर मॅडमनी तिला कळवलं, तनुजा परवा दुपारपासून सापडत नाही. मी समोरच उभी होते.

भूक. फार भूक लागलीय.

१० जून

ते चिन्ह मीच परत टाकलं. आकडा गेला. सुभद्राबाई पुन्हा मनानं मोजायला लागल्या, आणि मनात मी आहे! माझं ताट वाढलं. पहिली भाकरी माझ्या ताटात. म्हणाल्या, माझी तनुजा येईल की न्हाई, बघा. रडत रडत खाल्ली. राजकन्याचं ताट मात्र त्यांना आता आठवतही नाही.

म्हणजे राजकन्याही रोज इथंच बसून— आणि मी तिची ओळ—

२३ जून

नवी आलीय. पंचशीला, देगलूरची. सारखी हसते. सुभद्राबाई तिलाही म्हणाल्या, लई वाळलीस. माझ्या नावापुढं तिच्याकडून 'हजर' लिहून घेतलं.

माझ्या ताटाकडे बघते ती. मीही अशीच बघायचे.

२७ जून

सापडलं तिला. खोडलं. चव्वेचाळीस—

माझ्या ओळीवर आली. कानाशी ओरडतेय मी, ती गुणगुणतेय. पंचशीला, पहिली भाकरी तू घे गं, सगळ्या घे, फक्त माझी ओळ—