‘चालु’ या शब्दापायी

फाल्गुन शु. ३, शके १८५५

माणूस ठेवायचं मी, शिकवायचं मी, आणि घालवून द्यायचं दत्तूनं. पोटचा पोर झाला म्हणून काय झालं! नरसय्या कुंडाशी बसून बिडी ओढत होता, एवढंच निमित्त. सकाळी सकाळी हाकलला. ऐन लग्नसराई, रंगाटात रंगवायच्या सुताचा ढीग पडलाय, आणि कुंडात कढत पाणी ओतायला माणूस नाही. म्हटलं, "आता तू ओत." तर म्हणतो, "आये, मला पेठेत जायचंय." जा बाबा.

आमचे रंगारी मल्लेशम मास्तर खाली मान घालून रंग ढवळत राहिले. नरसय्या त्यांच्याच तेलुगू बोलीतला, दोघांचं बरं जमायचं. आज पाणी मीच ओतलं. कंबर धरली.

फा. शु. ५

सांगोल्याकडची एक बाई आली. हौसा नाव. तिकडं पाऊस नाही, मेंढरं विकून झाली, नवरा कामाला म्हणून गेला तो गेलाच. हात बघितले. घट्टे आहेत. ठेवली.

तोंड मात्र फार. "आजी, पानी एवढं कडक का? मीठ कशाला? लाल सूत निराळं का वाळवायचं?" म्हटलं, "हितं मास्तरनं बोलायचं, आपण करायचं. उलटून विचारायचं न्हाई. शाळा न्हाई ही."

"व्हय," म्हणाली. लगेच गप्प. गुणाची आहे.

फा. शु. ९

हौसाला अजून चुलीवर आणि सुताच्या लड्या पिळायलाच ठेवलंय. पाणी मीच ओतते. आज एक लडी तिच्या हातून मातीत पडली. मास्तर सगळ्यांदेखत ओरडले, "डोळे घरी ठेवून आली काय?" बाया हसल्या. हिनं मान खाली घातली, लडी धुतली. मी मधे पडले नाही. नव्या माणसाला एवढं लागतंच.

फा. शु. १२

वाईट झालं.

गिऱ्हाईक आलं म्हणून मी पुढं बसले. पाणी ओतायला हौसाला सांगितलं. पहिल्यांदाच. मागून मास्तरांचा आवाज, "चालु, चालु." मग मोठ्यानं, "चालु!" मग नुसती किंकाळी.

जाऊन बघते तर हौसाच्या हातात रिकामी बादली. कुंड भरून वाहतंय. रंग बघायला कुंडात घातलेला मास्तरांचा उजवा हात कोपरापर्यंत लालभडक, रंगानं का भाजून, कळेना. खोबरेल न् चुन्याची निवळी लावली. माणसांनी घरी नेलं. हौसा हलली नाही तिथून.

फा. शु. १३

दत्तू म्हणतो, मुद्दाम केलं, त्या दिवशीच्या बोलण्याचा राग काढला. हौसाला मागं नेऊन विचारलं, खरं सांग.

"आजी, ते चालू म्हनले की वो. चालू म्हनल्यावर मी कशी थांबू? मग लईच वरडले. मला वाटलं मी सावकाश वततिया म्हणून वरडत्यात. म्हणून जोरात वतलं."

तेलुगूत चालु म्हणजे पुरे. बस. इथं वाढलेल्या पोराला कळतं. माझ्या कानाला इतकी वर्षं सवय, की तो परका शब्द आहे हेच ध्यानात राहिलं नाही. सांगोल्याच्या बाईला ते कोण सांगणार? मीच सांगायचं होतं.

"विचारलं का न्हाईस गं?"

"तुमीच म्हनला हुता, विचारायचं न्हाई."

फा. व. २

दत्तूला समजावलं. "बहाणा आहे आये. एवढं कुणाला कळत नाही?" म्हटलं, तुला कळतं, तू तेलुगू कोष्ट्यांच्या पोरांत गोट्या खेळलास. पटलं नाही. तिला आजच काढ म्हणतो.

मास्तरांच्या बिरादरीतून निरोप आला. ती बाई राहिली तर आमचा एकही माणूस तुमच्या कुंडाला हात लावणार नाही. म्हणजे रंगाट बंदच.

फा. व. ६

मास्तरांच्या घरी गेले. त्यांची बायको यल्लम्मा दारातच म्हणाली, "बोटं वळत नाय." आत मास्तर भिंतीकडं तोंड करून. रंगात बोट घालून कस सांगणारा माणूस. त्याचा हात उशीवर ठेवलेला.

म्हणाले, "आजी, मी चालु म्हणलं. पुन्हा पुन्हा म्हणलं. ती अजून ओतलं. मी शिवी दिला म्हणून?"

शब्दाचं सगळं सांगितलं. ऐकून घेतलं.

"तुमी असंच सांगणार. तुमची बाई हाय."

"मास्तर, तुमी पण माझंच माणूस."

भिंतीकडचं तोंड माझ्याकडं वळवलं. म्हणाले, "पाडव्याला येतो. तिलाच विचारतो. खरं काय, तोंड बघून कळतं मला." 

फा. व. १०

हौसा बोचकं बांधून बसलेली. "जाते आजी. माझ्यापायी तुमचा धंदा बुडायला नगं." म्हटलं, गेलीस तर मुद्दामच केलंस असं ठरेल, जन्मभर. आणि जाणार कुठं? तिकडं प्यायला पाणी नाही. बोचकं मीच सोडलं. तेव्हापासून काम करते, पण एक शब्द नाही. चुलीत लाकूड घालू का, हेही विचारत नाही. आधी किती बोलायची. मी बंद केलेलं तोंड आता मला उघडता येईना.

फा. अमावास्या

उद्या पाडवा. दत्तूनं आधीच जुळवून ठेवलंय. म्हणतो, "मास्तर आले की मी सांगतो, बाईला काढलं, तुम्ही सुखानं या. वाद मिटला." यल्लम्मानंही कुणाकरवी कळवलंय, फार बोलू नका, त्यांना सोसवत नाही. मीही रात्रभर मनात वाक्यं जुळवली, कसं सांगावं, कुठून सुरू करावं. सगळ्यांकडं बोलायला आहे. जिला विचारणार तिच्याशिवाय.

मास्तरांना पटेल का, माहीत नाही. हात पुरता बरा होईल का, तेही नाही. हौसा तोंड उघडेल का, याचाच भरवसा नाही.

तरी दत्तूला बसवून सांगितलं, सुनेलाही, कामावरच्या बायांनाही. उद्या मास्तर विचारतील ते हौसाला. भाजले ते, विचारणार ते. उत्तर हौसानंच द्यायचं. तिला वेळ लागला तर लागू दे, कुणी मधे बोलायचं नाही. मीसुद्धा नाही.