लपवलेलं वायफाय

१२ जून
सुब्बरावमामांच्या इंटरनेट जोडणीच्या धंद्यात कामाला लागलोय. त्यांनी आज बेळगोळच्या कारखान्यात इंटरनेटची लाइन दुरुस्त करायला धाडलं. तिथले कॉम्प्युटर सांभाळते वल्लरी. पुण्याची! इथं कानडी मुलखात मराठी बोलणारी! "शिडी नीट धरा, पडाल." एवढी काळजी घरी कोण करतं?
मग म्हणे, "कॉलेज?"
"सोडलं. सरांशी भांडून."
"कशावरून?"
"वायफायच्या सुरक्षेचा धडा वाचून ये म्हणाले. मी म्हणालो, मला येतं सगळं."
तिनं मला निरखून बघितलं. प्रभाव पडला असणार.

१३ जून
खोलीत जुना राउटर लावला. वायफायचं नाव — 'वल्लरी फक्त माझी'! अप्पांनी बघितलं तर सालटं काढतील, म्हणून नाव लपवलं. आता कुणाच्याच यादीत दिसत नाही. दिसतच नाही, त्याला पासवर्ड कशाला? ठेवलाच नाही, माझा फोन तेवढा जोडला. याला म्हणतात डोकं!

१९ जून
आठवड्यात तिसऱ्यांदा बेळगोळ. मामा म्हणतात, "एनो संकर्षणा, ती लाइन तुझ्यावरच रुसते काय रे?"

२४ जून
मेलो. मेलो!
वल्लरी तिच्या साहेबांना लॅपटॉपवर दाखवत होती, आवारातले फोन कुठकुठलं वायफाय शोधतात ते. म्हणाली, "लपवलेलं वायफाय सगळ्यात वाईट. ते स्वतः गप्प बसतं, म्हणून फोनच जाईल तिथं त्याच्या नावानं हाका मारत सुटतो. त्यात पासवर्ड नसेल, तर त्याच नावाचं वायफाय कुणीही उभं करावं — फोन आपणहून जाऊन चिकटतो."
मी मान डोलावली. किती हुशार!
तेवढ्यात साहेबांनी पडद्यावरचं एक नाव मोठ्यानं वाचलं.
माझ्या खिशातला फोन प्रत्येक फेरीत तिच्याच आवारात बोंबलत होता!!
साहेब हसायला लागले, "यारदु इदु?" कुणाचं हे?
वल्लरीनं लॅपटॉप मिटला. "असेल कुणीतरी, येणारा-जाणारा."
माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

२५ जून
राउटर उपटून माळ्यावर टाकला. मामांना म्हटलं, येलवालला पाठवा, कुठंही पाठवा, बेळगोळ नको.
"अय्यो, आता तर तिथली लाइन खरंच तुटलीय! उद्या तूच जा."

२६ जून
शिडीवर होतो. फोन थरथरला — 'वल्लरी फक्त माझी'ला जोडला गेला. राउटर तर घरी, माळ्यावर! पडद्यावर एक पान उघडलं. त्यावर एकच ओळ — "आधी तो धडा वाच, कॉलेज पूर्ण कर, मग बघू."
खाली बघितलं. वल्लरी शिडी धरून उभी होती.