लाकडी तलवार आणि कुऱ्हाड

सिंदी मेघे, १२ डिसेंबर १९७८

आजही तेच! जपानी गुरुजींकडे लाकडी तलवार शिकायला लागून सहा महिने झाले, पण माझा वार काही थांबत नाही. तो समोरच्याच्या कपाळापासून बोटभर वर थांबायला हवा. आज पुन्हा त्यांच्या कपाळावर बसला. टेंगूळ चोळत ते शांतपणे म्हणाले, "कुऱ्हाड नाही. पुन्हा."

लहानपण सगळं गावी, रोहण्याला, लाकडं फोडण्यात गेलं, हात दुसरं काय करणार? वैताग नुसता! उद्यापासून जाणारच नाही.

घरी येऊन बंबासाठी लाकडं फोडायला घेतली. जोरात कुऱ्हाड घातली, तर ती लाकडाच्या बोटभर वर थांबली. पुन्हा घातली, पुन्हा थांबली.

बायको दारातून म्हणाली, "काऊन जी, लाकडाले भेव दाखवून राह्यले का?"