चहाला ये

शनिवार, ४ ऑक्टोबर

कोजागिरी खरी सोमवारी. पण इथे अमेरिकेत, आमच्या ट्रॉयमध्ये चंद्रालाही वीकेंडलाच सुट्टी मिळते! सुमेधाच्या डेकवर सगळी जोडपी, हातात मसाला दूध. मला फोटो दिसले. मग तिचा मेसेज — ‘अगं, तू बोअर झाली असतीस, सगळी कपल्सच होती.’

केवढी ही काळजी!

मंगळवार, ७ ऑक्टोबर

सुमेधाचा फोन. ‘इला, चहाला ये ना गं!’

चहा. घटस्फोट झाल्यापासून मी या गावात चहाची पाहुणी आहे. जोडप्यांना जेवण, एकटीला चहा. पूर्वी अतुल आणि मी दर शनिवारी कुणाच्या ना कुणाच्या टेबलावर असायचो. टेबलं तीच आहेत. मी मध्यंतरी सगळ्यांना माझ्याकडे जेवायला बोलावून पाहिलं — ‘ह्यांना विचारून सांगते.’ दोन वर्षं झाली, अजून विचारताहेत.

तरी गेले. चार वाजता. तिचा नवरा राजीव घरी नव्हता. ‘डॅलस. परत! यार, हे ट्रॅव्हल म्हणजे ना...’ म्हणत सुमेधा हसली. सहाच्या सुमारास उठून स्वच्छ ओटा पुसायला लागली. म्हणजे मी निघायचं. निघताना हातात डबा — शनिवारची उरलेली पावभाजी.

म्हणजे जेवण मिळतं. टेबल मिळत नाही.

मला तेवढंच हवंय. कुणीतरी म्हणावं, जेवायलाच ये. भात करपलेला असला तरी चालेल. (हे कुणाला सांगणार? हसतील.)

गुरुवार, ९ ऑक्टोबर

डबा परत केला. रिकामा कसा द्यायचा, म्हणून चकल्या भरल्या. तिने दारातूनच घेतला. ‘आत ये’ म्हणाली नाही. डोळे सुजलेले. म्हणे अ‍ॅलर्जी.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

अतुल एडिसनहून आलाय, लेकीसोबत, सियासोबत दिवाळी करायला. आणि सुमेधाने उद्याच्या दिवाळी पार्टीला त्याला जेवायला बोलावलंय! ‘बिचारा एकटा, हॉटेलात काय खाणार?’

पुरुष एकटा असला की बिचारा. बाई एकटी असली की दोन चमचे साखर की एक?

सिया म्हणाली, ‘मॉम, दॅट्स सो मीन. आय अ‍ॅम नॉट गोइंग.’ मी म्हटलं, जा. अनरसे खाऊन ये. तिथलं काय काय ते सांग मला.

स्वतःच्या पोरीला हेर म्हणून पाठवणारी आई! शाबास, इला.

शनिवार, १८ ऑक्टोबर

सिया आली. अनरसे विरघळले होते म्हणे. बरं वाटलं.

‘बाबा केप्ट टॉकिंग अबाउट हिज कोलेस्टेरॉल. आणि मॉम, देअर वॉज अ‍ॅन एम्प्टी चेअर, प्लेट अँड ऑल. राजीवकाका वॉजन्ट देअर.’

दिवाळीच्या पार्टीलाही डॅलस! म्हणजे खुर्ची रिकामी होती. ताट मांडलेलं होतं. ते तसंच राहिलं, पण तीन गल्ल्या पलीकडे राहणाऱ्या मला कुणी हाक मारली नाही. आतापर्यंत वाटायचं, जागा नसेल.

बुधवार, २२ ऑक्टोबर

पाडवा. ऑफिस. घरी येऊन टोस्ट.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

सुमेधा आली. फोन न करता, कपाळाला टिकली न लावता.

‘राजीव डॅलसला नाहीये गं. ऑगस्टमध्येच गेला. इथेच जवळ, नोव्हायमध्ये वेगळं अपार्टमेंट घेतलंय.’ बराच वेळ रडली. मग नाक पुसून म्हणाली, ‘आता मलाही सगळ्या चहालाच बोलावतील, नाही?’

म्हणजे हिला सगळं ठाऊक होतं! दोन वर्षं!

माझ्याकडे वाक्यं तयार होती. एकेक धार लावून ठेवलेलं.

सहा वाजले. ती पर्स शोधायला लागली.

मी कुकर लावला.